वाट राखील त्याची टेकडी

पहाटेचे तांबडे फुटण्याआधीच पुण्याच्या वेताळ टेकडीवरील वाटा जाग्या होतात. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर अशा चहूबाजूंनी आबालवृद्ध वर चढतात, माथ्यावरील वेताळाच्या देवळापाशी घटकाभर विसावतात आणि ताजेतवाने होऊन आपापल्या उद्योगाला लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे केवळ फिरायची जागा नव्हे. तिच्या भेगाळ कातळातून मुरणारे पावसाचे पाणी पायथ्याच्या विहिरी आणि विंधनविहिरींना आधार देते. भर शहरात मोराची केका ऐकू यावी, हे भाग्यही तिच्यामुळेच.

बालभारती ते पौड फाटा हा रस्ता याच टेकडीच्या उतारावरून नेण्याचा महापालिकेचा प्रस्ताव अनेक वर्षे वादाचा विषय ठरला आहे. टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याच्या योजनाही पुढे आल्या. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. वाहतुकीची कोंडी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रस्ता पुन्हा आखता येतो. एकदा फोडलेली टेकडी कोणतीही महापालिका पुन्हा उभारू शकत नाही.

मोर्चा आवश्यक असतो, पण पुरेसा नसतो. मोकळ्या जागा बहुधा बुलडोझरने जाण्याआधी कागदावरच गेलेल्या असतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही प्रशासन हलले नाही, तर उद्यानाचे वा क्रीडांगणाचे आरक्षण आपोआप संपते. आपल्या प्रभागातील किती आरक्षणे या वाटेवर आहेत, हे किती सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक असते? जागरूक रहिवासी दुबळा नसतो. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली, तेव्हा रहिवासीच न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते वाटप अवैध ठरविले आणि दाद मागण्याचा त्यांचा अधिकारही मान्य केला.

दुसरे कर्तव्य याहून साधे, म्हणूनच दुर्लक्षित आहे. मळलेली वाट सोडून जो तो जवळची वाट काढू लागला, की गवत मरते, पहिल्याच वळिवात माती वाहून जाते आणि वाटेची घळ होते. वाटेवर तिरके दगड रचून पाणी बाजूला काढणे, नको त्या आडवाटा काट्यांनी बंद करणे, उन्हाळ्याआधी वणव्याचा धोका ओळखून वाटेलगतचे वाळके गवत काढणे, वर नेलेला कचरा खाली आणणे, या कामांना निधी लागत नाही. आठवड्यातील एक सकाळ लागते. वाट राखायची म्हणजे तिच्यावर सिमेंट ओतायचे नाही, हेही ध्यानात असावे.

राबता आणि निगा असलेल्या जागेवर अतिक्रमण करण्यास कोणी सहसा धजत नाही. ओसाड जागेला मात्र अनेक वारसदार फुटतात. टेकडीवर फिरणारे हजारो आहेत. त्यांतील शेकडो तिचे राखणदार झाले, तर पुढच्या पिढीलाही पहाटे चढायला एक वाट उरेल.