सातव्या दिवसाची हजेरी

थंडीचे दिवस आले की आमच्या किनाऱ्यावर शनिवारी पहाटे बाहेरगावच्या बसगाड्या येऊन थांबू लागतात. त्यांतून उतरणारी सगळीच मंडळी बायकामुलांसह आलेली नसतात. एकाच रंगाचे, छातीवर कंपनीचे चिन्ह असलेले सदरे घातलेले तीस-चाळीस जण एका गाडीतून उतरतात. दिवसभर वाळूत रस्सीखेच आणि चेंडूफळी, सायंकाळी वरिष्ठांचे भाषण, रविवारी दुपारी परतीचा प्रवास आणि सोमवारी सकाळी पाळीवर हजर, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. उद्योगजगतात या प्रकाराला ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात. सहकाऱ्यांत एकोपा वाढावा, हा त्याचा उघड हेतू. हेतू चांगला आहे. परंतु तो साधण्याच्या रीतीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

बडोदे जिल्ह्यातील सावलीचेच उदाहरण घेऊ. हे नाव मराठी वाचकाला परके नसावे. १७३२ साली डाकोर येथे दग्याने मारले गेलेले पिलाजीराव गायकवाड यांचा अंत्यसंस्कार सावलीलाच झाला. ज्या गावाने गायकवाडी राज्याच्या संस्थापकाची चिता पाहिली, ते आज मंजुसरच्या वसाहतीमुळे कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. दिल्लीच्या मेट्रोचे डबे येथे तयार झाले, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या रेल्वेसाठीही गाड्या येथूनच गेल्या. या गावाला समुद्र मात्र नाही. जवळून वाहणाऱ्या मही नदीलाच तेथील लोक कौतुकाने ‘महीसागर’ म्हणतात. खंभातचे आखात त्या मानाने जवळ, परंतु तेथे चिखल फार आणि भरती-ओहोटीचा जोर विलक्षण. तेव्हा अशा गावच्या कामगाराला दमण, कोकण किंवा गोवा यांची ओढ वाटली, तर त्यात नवल ते काय? आलेल्या पाहुण्याचे आम्ही स्वागतच करतो.

एकत्र येऊन जेवावे, हसावे, खेळावे, ही कल्पनाही आपल्याला कोणी परदेशातून आणून दिलेली नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली आपण पंगत मांडतो. गुजरातेत सारे गाव वेशीबाहेर जाऊन ‘उजाणी’ करते. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, तेव्हा मालक आणि मदतनीस एकाच द्रोणातला प्रसाद घेतात. या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे: तेथे हजेरीपट नसतो. जो येतो तो आपणहून येतो, आणि जो येत नाही त्याला सोमवारी कोणी जाब विचारीत नाही.

कंपनीच्या सहलीत नेमके येथेच पाणी मुरते. सूचनापत्रात ‘ऐच्छिक’ असा शब्द असतो. परंतु घरी आजारी आई आहे, मुलीची परीक्षा आहे किंवा केवळ झोप हवी आहे म्हणून जो मागे राहतो, त्याच्या नावापुढे ‘मिसळून वागत नाही’ असा अदृश्य शेरा पडतो. वार्षिक वेतनवाढीच्या वेळी तो शेरा दृश्य होणार नाही, याची हमी कोण देणार? ज्या निमंत्रणाला नकार देता येत नाही, त्याला निमंत्रण म्हणत नाहीत. त्याला हुकूम म्हणतात.

आणि हा हुकूम कोणत्या दिवसावर चालतो? कामगाराच्या सुटीच्या दिवसावर. ही सुटी कोणी दयाबुद्धीने दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना उभारून वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीनंतर. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीचा हक्क पक्का केला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेनेही आठवड्यात सहाच दिवस काम, हे तत्त्व कायम ठेवले. एवढ्या सायासाने मिळवलेला दिवस रस्सीखेचीच्या दोराला बांधून परत घ्यावयाचा असेल, तर त्याचा हिशेब झालाच पाहिजे.

हा हिशेब केवळ सुटीचाही नाही. समुद्र काही कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे वागत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या सहलीतील आठ जण गेले. आणि १८ जानेवारी २०२४ रोजी खुद्द बडोद्यात, हरणी तलावावर, शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका प्राणास मुकल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर संरक्षक जाकिटेही नव्हती. या तिन्ही सहली विद्यार्थ्यांच्या होत्या हे खरे. परंतु लाट वय पाहत नाही आणि हुद्दाही पाहत नाही. नदीत पोहणाऱ्याला वाटते, आपल्याला पाणी ठाऊक आहे. ओहोटीची ओढ ही वेगळीच चीज आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आमचे दर्यावर्दी बांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात वावरतात, तरी पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि दर्याला नारळ वाहिल्यावाचून पुन्हा त्याच्यावर विसंबत नाहीत. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. मात्र लाल बावट्याकडे दुर्लक्ष करून पाण्यात उतरणाऱ्यांपुढे तेही हतबल होतात.

कारखान्यातून डबा बाहेर पडतो, तो प्रत्येक सांधा आणि प्रत्येक ब्रेक तपासल्यानंतरच. मग तो सांधा जोडणारा माणूस समुद्रावर धाडताना तेवढी तपासणी का नसावी? उद्या त्या वाळूवर काही विपरीत घडले, तर ‘सहल ऐच्छिक होती, आमचा संबंध नाही’ असे म्हणण्याची वाट खुली राहते. कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून या देशात मान्य आहे. जाताना सक्ती आणि अपघातानंतर ऐच्छिक, असा दुटप्पीपणा त्या तत्त्वाशी प्रतारणा करणारा आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. कंपनीने आधी ठरवावे, ही सहल काम आहे की उत्सव? काम असेल, तर ती कामाच्या दिवशी काढावी, नाहीतर बदली सुटी द्यावी, आणि जाण्यायेण्यातल्या व पाण्यातल्या अपघाताची जबाबदारी लेखी पत्करावी. उत्सव असेल, तर न येणाऱ्याच्या नावापुढे काहीही लिहू नये. दोन्ही बाबतींत जीवरक्षक असलेलाच किनारा निवडावा, आणि आणखी एक करावे: कंत्राटी कामगारालाही बसमध्ये जागा द्यावी. वर्षभर ज्याच्या खांद्यावर लोखंड चढते, त्याला फाटकाशी ठेवून बाकीच्यांनी एकोप्याचे खेळ खेळावेत, यापरते एकोप्याचे विडंबन दुसरे कोणते?

माणसे एकमेकांची होतात ती पाळीवर शेजारच्याचे यंत्र अडले असता धावून जाण्याने, अडल्यावेळी सुटी मिळण्याने आणि वेळेवर हाती पडणाऱ्या पगाराने. एवढे जेथे आहे, तेथील मंडळी समुद्रावर आली तर अधिक मोकळेपणाने हसतील. जेथे ते नाही, तेथे दोन दिवसांच्या वाळूने काही बांधले जाणार नाही. वाळूची भिंत पहिल्या भरतीलाच ढासळते, हे किनाऱ्यावरच्या पोरांनाही ठाऊक आहे.