पडीक कुणाच्या लेखी?

मोरसची भाजी उगवते ती खाडीकाठच्या खाजणात. बहुतेक पिकं जिथे जळून जातात तिथे ती तग धरते, जमिनीतलं मीठ पानांत साठवते. म्हणून उरण-अलिबागकडच्या आगरी-कोळी बायका ती उकडतात, पिळून खार उतरवतात आणि वरून मीठ न घालता डाळीत किंवा सुकटीत शिजवतात. ही विद्या आयांनी-सासवांनी पुढे दिली. तिची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

कागदावर ती जमीन मात्र 'पडीक'! १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्यासाठी आणि त्यामागून आलेल्या कामांसाठी उरणच्या खाजणांवर भराव पडले. मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरून झाला. भाजी खुडणारीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच. मग तिचं काय बुडालं, हे मोजणार कोण?

मैत्रिणींनो, हे मी लिहिते आहे समुद्रापासून दूर, अक्कलकुवा तालुक्यातल्या खापरहून. इथे मोरस नाही, पण तिच्या बहिणीसारखी घोळ आहे. तशीच मांसल पानांची, खारवट जमिनीतही टिकणारी, न पेरता येणारी. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी मजुरीबरोबर ओच्यातून घोळही घरी आणते. शेतमालकाच्या लेखी ते तण. त्याने तणनाशक मारलं की तिची निंदणीची मजुरी जाते आणि भाजीही जाते. वर म्हणायचं, कष्ट वाचले. कुणाचे?

सरकार रानभाजी महोत्सव भरवतं. जरूर भरवावेत. पण ताटातल्या भाजीचा गौरव करायचा आणि ती उगवते त्या जागेबद्दल बाईला विचारायचंही नाही, हा कसला गौरव?

जंगलापुरता तरी कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला. जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा आणि वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश तरी बायका हव्यात, असंही त्यात आहे. आमच्याकडे बायका येतात, अंगठा देतात, बोलतात पुरुष. हे आपणच मोडायला हवं.

जंगल असो, शेताचा बांध असो की खाजण, जागा पडीक ठरवण्याआधी तिथून काय काय खुडलं जातं ते बायकांना विचारा आणि सरकारी कागदावर लिहा. जिच्यावर चूल चालते ती जमीन पडीक नसते.