पुंगळीचा हिशेब

दारूबंदीचा जिल्हा आणि त्यातच देशातला एक मोठा दारूगोळा डेपो, हा विनोद वर्ध्याच्या माणसाने इतक्यांदा ऐकलेला असतो की आता हसूही येत नाही. गांधीजींचं सेवाग्राम आणि तोफांचं पुलगाव, हा त्याचाच भाऊ. दोन्ही विनोद बाजूला ठेवू. मला आज पितळावरून भांडायचं आहे.

हो, पितळच. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचं.

आधी थोडी माहिती (मामा, हा परिच्छेद तुमच्यासाठी). काडतुसात चार गोष्टी असतात: पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी ठेचली जाते. उरते ती पुंगळी. साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. उडताना ती फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, गरम वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आकसून सुटी होते. हे फुगणं-आकसणं पितळाला पुन्हा पुन्हा जमतं, म्हणून पुंगळी परत भरता येते. परदेशात टार्गेट पिस्तूलवाले घरच्या बाकावर हे काम करतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा उगाच कुणी घरी उद्योग करू नये!

तसंही आपल्या बहुतेक पिस्तूलवाल्यांना याची गरज पडत नाही. दहा मीटरला छर्रे चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने ऑगस्ट २०१८ मध्ये जाकार्ताच्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तो प्रकार पॉइंट बावीसचा. त्या काडतुसात वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा वाजलं की ती पुंगळी संपली. निवडीचा प्रश्न येतो तो सेंटर फायरमध्ये, म्हणजे पॉइंट बत्तीसच्या काडतुसात.

आणि निवड म्हणजे काय निवड! सगळ्या पुंगळ्या एकाच कारखान्याच्या हव्यात, शक्यतो एकाच लॉटच्या. त्यासाठी बुडावरचा छाप वाचायचा. आपल्याकडे खडकीचा छाप के. एफ., वरणगावचा ओ. एफ. व्ही. लांबी सारखी हवी, नाहीतर तोंड गोळीवर सारखं आवळलं जात नाही. टार्गेटची गोळी सपाट तोंडाची असते आणि पुंगळीत पार खोल बसते, तेव्हा आतली भिंत खालपर्यंत एकसारखी पातळ हवी. जाड असली तर पुंगळीला फुगवटा येतो. टोपीचं घर सैल झालेलं चालत नाही. बुडात मधोमध एकच भोक आहे की बाजूला दोन, तेही पाहायचं. दोन भोकांच्या पुंगळीतून जुनी टोपी सहज निघत नाही. तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी पुंगळी बाद.

या सगळ्यांच्या वर एक नियम. जिचा इतिहास माहीत नाही ती पुंगळी वापरायची नाही. किती वेळा उडाली, कुठे पडून होती, कशाला लागली, हे सांगता येत नसेल तर ती कितीही चकचकीत असो, टाकून द्यायची.

हा नियम चोखंदळपणातून आलेला नाही. पितळ बाहेरून ठीक दिसतं आणि आतून गेलेलं असतं. याचा सगळ्यात प्रसिद्ध धडा आपल्याच देशातला आहे. इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात न उडवताच आपोआप चिरायची. घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवण, दमट हवा, मुताचा अमोनिया, आणि पुंगळी घडवताना पितळात राहून गेलेला ताण. तिन्ही जमले की चीर! नेमकं कारण तीन ब्रिटिश संशोधकांनी १९२१ मध्ये मांडलं. ऋतूत चिरतं म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडलं, ते आजही आहे.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून आपल्याला ठाऊक आहे की दारूगोळ्याच्या धातूला इतिहास असतो आणि तो विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो. आता चला पुलगावला.

३१ मे २०१६, मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह आग विझवायला धावलेली माणसं गेली, आसपासची गावं रातोरात रिकामी करावी लागली. त्यावर निदान देशभर चर्चा झाली. मला बोलायचंय त्यानंतरच्या घटनेवर. २० नोव्हेंबर २०१८, सकाळची वेळ, देवळी तालुक्यातलं सोनेगाव (आबाजी). जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा जुना दारूगोळा निकामी करायला इथल्या मैदानावर आणला होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा माणसं गेली. पेट्या उतरवायला होते कोण? आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर.

आणि स्फोट करून झाले की खड्ड्यांतून, मातीतून धातूचे तुकडे वेचून विकणारी माणसंही याच गावांची. तांबं, पितळ, लोखंड. कापूस हातात पैसा ठेवत नाही, तेव्हा पितळ ठेवतं.

आता विरोधाभास बघा. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या रेंजवर सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक कमी पडली तर जवान गवतात वाकून शोधत बसतात. उडालेल्या, निरुपद्रवी पुंगळीचा इतका कडक हिशेब! आणि न उडालेल्या मालाची पेटी ज्याच्या डोक्यावर चढते, त्याला तिचं वय, तिची अवस्था, तिच्या साठवणीचा इतिहास कोण सांगतं? नेमबाज जो प्रश्न एका पुंगळीला विचारतो, तो अख्ख्या पेटीला विचारायचा हक्क उतरवणाऱ्याला नाही.

तुम्ही म्हणाल, ‘लोभापायी जातात, कोणी बोलावलं होतं?’ हे वाक्य मी शहरातल्या चांगल्या शिकलेल्या तोंडांतून ऐकलंय. अहो, पेट्या उतरवणाऱ्याला तर कामालाच बोलावलं होतं! आणि वेचणाऱ्याचं म्हणाल, तर जिथे भंगार उघड्यावर पडतं, वेचता येतं आणि विकलं जातं, तिथे वेचणारा येणारच. लोभ म्हणायचाच तर तो धोका माहीत असून मैदान उघडं ठेवणाऱ्या व्यवस्थेचा म्हणा. काम स्वस्तात उरकतं आणि जोखीम गावाच्या अंगावर पडते.

दुसरा आक्षेप जास्त जड. ‘संरक्षणाचा मामला आहे, यात आपण बोलू नये.’ का बुवा? तोफ कुठे ठेवली आहे असं कोणी विचारत नाहीये. मजुराला प्रशिक्षण दिलं का, कामावरच्यांची नावं नोंदली का, विमा आहे का, मैदानाला कुंपण आहे का, या प्रश्नांच्या उत्तरात शत्रूच्या कामाचं काय आहे? इमारतीच्या बांधकामावर आपण हेच विचारतो.

तिसरा म्हणतो, ‘जुना दारूगोळा कुठेतरी नष्ट करावाच लागणार.’ मान्य, शंभर टक्के मान्य. पण नष्ट करण्याचा मार्ग खड्डा खणून उडवणं एवढाच नसतो. छोटी काडतुसं यंत्रावर सुटी करता येतात, गोळी वेगळी, दारू वेगळी, आणि पुंगळी चेपून थेट भट्टीत. खर्च जास्त, वेळ जास्त, पण पितळाचा ग्रॅम न ग्रॅम हिशेबात राहतो आणि खड्ड्यात वेचायला काही उरत नाही. मोठा माल उडवावाच लागला, तर त्याला हात फक्त शिकलेल्या, पगारी, नोंदलेल्या माणसाने लावावा. रोज संपला की मैदान साफ करायची जबाबदारी उडवणाऱ्याची, वजन करून आणि सही करून. गावाला काम द्यायचंच असेल तर ते मजुरीच्या पैशात द्या, भंगाराच्या आशेवर नको.

यात क्रांतिकारक काहीच नाही. स्पर्धेत दहाच्या वर्तुळातला नेम नऊवर जाऊ नये म्हणून नेमबाज पुंगळ्या एकेक करून उजेडात धरतो, संशय आला की बाजूला काढतो. एका गुणासाठी! पुलगाव-देवळीच्या पट्ट्यात प्रश्न गुणाचा नाही, तिथे सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी घरी यायचा आहे. त्याच्यासाठी तेवढीच काळजी मागतोय, त्याहून तसूभरही जास्त नाही.