वडापावचा ताळेबंद

२०२५च्या जुलैमध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, अशी बातमी देशभर पसरली. तिच्यात नागपूरच्या एम्सचे नाव होते आणि वडापावही आरोपींच्या रांगेत होता. काही दिवसांतच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की, विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलेही लेबल लावायचे नाही; कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावावेत, एवढेच सुचवले आहे. तोवर दोन तट पडलेच होते. एकाच्या लेखी तळण म्हणजे विष. दुसऱ्याच्या लेखी ‘इतकी वर्षे खातोय, काय झाले?’ हाच अखेरचा पुरावा. दोघांनीही तराजूचे एकेक पारडे तेवढे पाहिले. छोट्या धोक्याचा निवाडा करायचा तर त्यातून मिळणारा आनंदही वजनात धरावा लागतो आणि ती गोष्ट आपण किती वेळा करतो, हे दोन्हीकडे मोजावे लागते.

धोका मोजताना पहिली गफलत टक्क्यांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितले की, रोज ५० ग्रॅम सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. आकडा दचकवणारा आहे. पण एखादा आजार आयुष्यभरात शंभरातल्या पाच जणांना होत असेल, तर या वाढीने तो सुमारे सहा जणांना होईल. तेवीस जणांना नाही. शिवाय त्या विधानातला वजनदार शब्द ‘रोज’ हा आहे. आपल्या सणवारांनी हा शब्द सांभाळला होता. आषाढातले तळण, दिवाळीचा फराळ, होळीची पुरणपोळी, प्रत्येकाला आपापला दिवस होता. वाट पाहण्याने गोडी वाढायची आणि धोका वर्षभरात पातळ व्हायचा. रोजच्या वड्याचे याच्या उलट होते. धोका साचत जातो आणि चव जिभेच्या अंगवळणी पडून आनंद आटतो. म्हणजे आरोग्यासाठी नाही, तरी निदान चवीसाठी वडा अधूनमधूनच खावा.

यावर आक्षेप येईल की, ‘एकाने काय होते’ म्हणता म्हणताच सवय लागते, मग सूट द्यावीच कशाला? यात तथ्य आहे. आयसीएमआरच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्यांच्यासाठी जिलेबीचे वजन वेगळेच भरते. म्हणूनच हिशेब एका घासाचा न ठेवता महिन्याचा ठेवावा. फलकाचा उपयोग तिथे आहे. तो कुणाच्या हातातला घास काढून घेत नाही, हिशेबाला आकडा पुरवतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्याचे दुपारचे जेवणच वडापाव, त्याला कसली चैन आणि कसली निवड? इथे व्यक्तीच्या तराजूची हद्द संपते. चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्ये मांडले होते की, स्वखुशीने पत्करलेला धोका माणसे लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतात. कढईतले तेल कितव्यांदा तापते आहे, हे गिऱ्हाईक ठरवत नाही. तळणाच्या तेलात पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली तर ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तो गाड्यागाड्यांवर पाळला जातो का, हे पाहणे सरकारचे काम आहे. गिऱ्हाइकाला संयमाचा उपदेश करून ते टाळता येणार नाही.

आता हाच तराजू दुचाकीला लावा. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघातांत मृत्यू झाला. हेल्मेट टाळून मिळणारे सुख ते काय, तर न विस्कटलेले केस आणि थोडा वारा. आनंद चिमूटभर, धोका जिवाचा. तरीही तेलकट म्हणून भजीची प्लेट परत करणारे कितीतरी जण हेल्मेट आरशाला लटकवून निघतात. पहिल्या पावसात भजी खुशाल खावी. ती खायला जाताना हेल्मेट मात्र डोक्यावर असावे.