हातात पाना, किल्ली दुसऱ्याकडे

1985 सालच्या जून महिन्यातील गोष्ट. फतेहपूर जिल्ह्यात मी उपविभागीय अधिकारी होतो. भर दुपारी ग्रँड ट्रंक रोडवर आमची सरकारी जीप बंद पडली. कडुनिंबाच्या सावलीत एक मिस्त्री बसला होता. त्याने चालकाला इंजिन दोनदा फिरवायला लावले, कान देऊन ऐकले, डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून जळालेले पॉइंट पॉलिशपेपरने घासले आणि त्यांतील अंतर नजरेने जुळवले. वीस मिनिटांत जीप धावू लागली. तो शाळेत कधी गेला नव्हता. त्याची विद्या उस्तादाकडून आली होती.

गेल्या वर्षी माझ्या डिझेल गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दिल्लीत यमुनेपलीकडे ज्याच्याकडे मी वर्षानुवर्षे गाडी नेतो, त्या मिस्त्रीने स्कॅनर लावून निदान केले: एक इंजेक्टर निकामी झाला आहे. नवा इंजेक्टर त्याने काश्मिरी गेटच्या बाजारातून आणला आणि बसवला. परंतु त्या इंजेक्टरचा सांकेतिक क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो आणि ती नोंद करण्याची मुभा त्याच्या स्कॅनरला नव्हती. गाडी शेवटी कंपनीच्या अधिकृत केंद्रात न्यावी लागली. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही. म्हणाला, “साहेब, गाडी माझ्या हातून सुटली नाही, मग मजुरी कशाची घेऊ?”

त्या वाक्यातील अपमान माझ्या मनातून जात नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्यांची दुःखे आपण मोजतो ती काळवंडलेले हात, पाठदुखी आणि तुटपुंजी कमाई अशी. ती खरीच आहेत. परंतु रोग ओळखता येतो, औषधही हाती आहे आणि तरीही ते देण्याची परवानगी नाही, हे वैफल्य वेगळ्या जातीचे आहे.

हे वैफल्य केवळ यंत्रे बदलल्यामुळे आलेले नाही. 1 एप्रिल 2020 रोजी देशाने भारत स्टेज चारवरून थेट सहावर उडी घेतली. हवेसाठी ती आवश्यकच होती. मात्र तिच्यामुळे इंजिनाभोवती संवेदक आणि संगणक यांचे जाळे अधिक दाट झाले. दुसरीकडे, दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पुढे तिच्या अंमलबजावणीत चढउतार झाले असले, तरी मिस्त्रीच्या दृष्टीने अर्थ एकच होता: ज्या गाड्या त्याला पूर्ण उघडता येत, त्या रस्त्यावरून जाऊ लागल्या आणि ज्या आल्या त्यांना कुलूप होते.

हे कुलूप अन्यायाचे आहे, असे राज्यसंस्थेने स्वतःच म्हटले आहे. 2011 मधील एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावीत, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. त्यानंतर अपिले झाली. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, मोटार हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संकेतस्थळही सुरू झाले. परंतु संकेतस्थळ माहिती देते. ते कोणावर सक्ती करू शकत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्येच यासाठी कायदा केला.

कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो अर्धा खरा आहे. विजेवरच्या मोटारीच्या बॅटरीत शेकडो व्होल्टचा दाब असतो; अप्रशिक्षित हाताला तेथे चूक परवडणार नाही. मात्र याचे उत्तर प्रशिक्षण आणि परवाना हे आहे, मक्तेदारी हे नव्हे. वीजतंत्री चुकू शकतो म्हणून आपण घरातील दुरुस्ती वीज कंपनीच्या स्वाधीन केलेली नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक साम्य दिसते. सतराव्या शतकात फ्रान्स्वा बर्निए याने मुघल कारखान्यांचे वर्णन करताना कशिदाकार आपल्या मुलाला कशिदाकारच करतो, असे नोंदवले आहे. कारागिराच्या मोबदल्याबद्दल तो फार चांगले लिहीत नाही. कारखाना दरबाराचा होता. पण कसब कारागिराच्या घरात राहत होते आणि तेथूनच पुढच्या पिढीकडे जात होते. आज प्रथमच ते कसब घरात असूनही निरुपयोगी होत आहे.

माझ्या मिस्त्रीचा मुलगा आयटीआय होऊन एका अधिकृत केंद्रात लागला आहे. तेथे संगणक सांगेल तो भाग काढायचा आणि नवा बसवायचा, एवढेच त्याचे काम. जुना भाग का बिघडला, हे विचारायला वेळ नसतो. दिवसाच्या गाड्यांचा आकडा गाठायचा असतो. बापाला कळते, पण त्याला परवानगी नाही. मुलाला परवानगी आहे, पण कळण्याची संधी नाही. एकाच घरातील ही दोन वैफल्ये एकाच धोरणातून जन्मली आहेत.

उपाय अवघड नाहीत. निदानाची माहिती आणि सांकेतिक नोंदणीची सोय वाजवी शुल्कात देणे कायद्याने बंधनकारक करावे. आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी रिकाम्या असतील तेथे जुन्या मिस्त्रींसाठी उच्च दाबाच्या विजेचे अल्पकालीन वर्ग चालवावेत आणि उत्तीर्ण होणाऱ्यास परवाना द्यावा. शासनात असताना अशा टिपणांवर ‘विचाराधीन’ असा शेरा मी स्वतः अनेकदा मारला आहे. त्या शेऱ्याची किंमत कोण मोजतो, हे मला मजुरी नाकारणाऱ्या त्या माणसाने दाखवले.