सिद्धांत अपुरा, म्हणून गोळी खोटी?

स्किझोफ्रेनियावरच्या झॅनोमेलीन-ट्रॉस्पियम या औषधाला सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जुन्या गोळ्यांप्रमाणे ते मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या ग्राहींना अडवत नाही. त्याचा रोख मस्करिनिक ग्राहींवर आहे. यावर गोळीविरोधक म्हणतात, डोपामाइनच्या अतिरेकाने हा आजार होतो या सिद्धांताचं प्रकरण बनावच होतं, मग जुन्या गोळ्या गिळायच्या कशाला?

प्रकरण बनाव असतं, तर वेगवेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचल्या नसत्या. सर्पगंधेचा वेडावरचा उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये नोंदवला. तिच्यातलं रिसर्पिन चेतापेशींमधला डोपामाइनचा साठाच रिकामा करतं. 1952 मध्ये पॅरिसला वापरात आलेलं क्लोरप्रोमझीन साठ्याला धक्का न लावता ग्राही अडवतं. उन्माद दोघांनीही ओसरतो. उलट अँफेटामाइन डोपामाइन वाढवतं आणि अतिसेवनाने धडधाकट माणसालाही संशयाने पछाडतं. पुढे 1976 च्या सुमारास सीमन आणि स्नायडर या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की औषधाची डोपामाइनच्या डी-2 ग्राहीवरची पकड जितकी घट्ट, तितका त्याचा डोस कमी पुरतो. याला योगायोग म्हणायचं धाडस मला तरी होत नाही.

आक्षेपात तथ्य आहे, तेही बरंच. बिघाड मुख्यतः ग्राहींत नसून डोपामाइन तयार करून सोडणाऱ्या पेशींत दिसतो. गोळ्यांनी आवाज आणि संशय कमी होतात, पण निरुत्साह, आटलेलं बोलणं यांवर त्या फारशा चालत नाहीत. काहींना तर अजिबात गुण येत नाही. अशा रुग्णांवरच्या 1988 च्या प्रसिद्ध चाचणीत क्लोझापिन या औषधाने 30 टक्क्यांना आराम पडला, क्लोरप्रोमझीनने अवघ्या 4 टक्क्यांना. आणि क्लोझापिनची डी-2 वरची पकड सैलच! एवढ्यावरून सिद्धांत अपुरा ठरतो, खोटा नाही. नवं औषधही अखेर डोपामाइनचा स्राव आवरतं, असं मानलं जातं. विरोधकांचा साक्षीदारच फुटला म्हणायचा.

अंग ताठ होतं, हात थरथरतात, ही शुभार्थींची, म्हणजे रुग्णांची, तक्रार मात्र खरी आहे. पेट स्कॅनच्या अभ्यासांत साधारण 65 टक्के डी-2 ग्राही अडले की गुण दिसू लागतो, 80 टक्क्यांच्या आसपास ताठरपणा सुरू होतो. म्हणून भांडायचंच तर डोससाठी, आणि डॉक्टरांशी भांडावं. परस्पर गोळी बंद करून नव्हे. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसा काळ देऊनही आवाज थांबत नसतील, तर शुभंकरांनी, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी, क्लोझापिनचा विषय स्वतःहून काढावा. त्यात पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, त्यामुळे नियमित रक्त तपासावं लागतं. निव्वळ त्या तपासणीच्या कटकटीपायी ते वर्षानुवर्षं लांबवण्याचं समर्थन मला सापडत नाही.