सेनापतींची बढती आणि गच्छंती

सैन्यांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुकींविषयीं सामान्य नागरिकानें तोंड उघडूं नये, त्यानें सैन्याचें मनोधैर्य खचतें, असें बजावणारा एक वर्ग आपल्याकडे फार जुना आहे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स व भगत यांचा अहवाल १९६३ मध्यें सादर झाला. सरकारनें तो अद्याप प्रसिद्ध केलेला नाहीं. ज्या मनोधैर्यास साठ वर्षांपूर्वींच्या सत्याचें भय वाटतें, तें मनोधैर्य कोणत्या प्रतीचें, असा आमचा या वर्गास सवाल आहे.

अहवाल दडविला तरी कांहीं गोष्टी जगजाहीर आहेत. कोल्हापुराकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात पूर्व विभागाचे सेनानी असतां त्यांनीं १९५९ मध्यें ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा लिहून दिला, आणि १९६० मध्यें लखनौस ‘लाल किल्ला’ या कवायतीच्या रूपानें तो मांडूनही दाखविला. १९६१ मध्यें निवृत्त होतांना जनरल थिमय्यांनीं आपल्या जागीं थोरातांचें नांव सुचविलें. नेमणूक झाली ती थापरांची. थापर ज्येष्ठ होते, हें खरें. पण ज्येष्ठतेची ही चाड एक पायरी खालीं उतरतांच कोठें गेली? ज्यांस लढाऊ तुकडी रणांत चालविण्याचा अनुभव नव्हता, ते कौल मंत्र्यांच्या मर्जीनें झपाट्यानें वर चढले आणि ऑक्टोबर १९६२ मध्यें ऐन सीमेवरील चौथ्या कोअरचे प्रमुख झाले. ज्येष्ठता ही वशिल्यावरील ढाल आहे असें जे म्हणतात, त्यांनीं हा प्रसंग अवश्य अभ्यासावा. येथें ज्येष्ठता आणि वशिला एकाच वर्षीं, एकाच छपराखालीं, सुखानें नांदत होतीं!

याहून उद्वेगजनक प्रकार पुढें घडला. कौल आजारी पडून दिल्लीस आले, तेव्हां कोअरची सूत्रें हरबक्षसिंगांच्या हातीं गेलीं. दैवानेंच एक चूक दुरुस्त केली होती. परंतु त्या महिन्याच्या अखेरीस कौल परतले, आणि सूत्रें पुन्हां त्यांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. हरबक्षसिंगांची योग्यता पुढें १९६५ मध्यें पंजाबनें पाहिली. थापर व कौल गेले ते सर्व हातचें गेल्यावर, राजीनामे देऊन.

वेळीं दूर करणें म्हणजे अब्रू घेणें, ही आमची समजूतच सर्व अनर्थाचें मूळ आहे. अमेरिकेच्या सैन्यांत टेरी ॲलन यास ऑगस्ट १९४३ मध्यें सिसिलींत डिव्हिजनच्या प्रमुखपदावरून काढलें. त्याच गृहस्थानें पुढें १०४ वी डिव्हिजन युरोपांत उत्तम रीतीनें लढविली. आमच्याकडे वरिष्ठांस हटवितें तें बहुधा वयच. (आम्हां प्राध्यापकांचीही तीच गत आहे, मात्र आमच्या नालायकीनें कोणी गोळीस बळी पडत नाहीं.)

ज्येष्ठता मोडूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. थिमय्या स्वतः ज्येष्ठांस डावलूनच सेनापति झाले होते. १९८३ मध्यें सिन्हांस बाजूस सारून अरुणकुमार वैद्य आले. वैद्यांच्या शौर्याविषयीं शंका घेणें हा कृतघ्नपणा होईल. २०१६ मध्यें दोघांस डावलून रावत आले. आक्षेप आहे तो कारणें न सांगण्यास. त्यांत २०२२ च्या नियमांनीं संरक्षण दलांच्या प्रमुखपदासाठीं बासष्ट वर्षांखालील निवृत्त लेफ्टनंट जनरलही पात्र ठरविले. निवृत्तीनंतरही मंत्र्यांच्या दाराकडे पाहण्याची सोय कायद्यानेंच करून ठेवली!

सरकारास निवडीचा अधिकार खुशाल असावा. पण ज्येष्ठास डावलतांना कारणें लेखी नोंदवावीं आणि संसदेच्या संरक्षण समितीनें तीं बंद दाराआड कां होईना, पाहावीं. मोहीम फसली तर सेनानीस पेन्शन व हुद्दा राखून तत्काळ बदलतां यावें, आणि चौकशीचा अहवाल ठराविक मुदतींत लोकांपुढें यावा. प्रारंभ १९६३ च्या अहवालापासून करण्यास हरकत कोणती? त्यांत नांवें असलेल्यांपैकीं आतां बढतीच्या रांगेंत कोणीही उभा नाहीं.